एकीच्या किमतीत दोन

लिओटा ब्रेकी अठ्ठावन्न वर्षांची होईपर्यंत तिच्याकडे आलेली प्रत्येक वस्तू आधी दुसऱ्या कुणाची तरी होती. खोगीर थोरल्या भावाचं. घोडी शेजाऱ्याने विकायला काढलेली. स्वयंपाकघरातला लोखंडी स्टोव्ह मावशीचा. अंगातला कोट नवऱ्याचा, ऑरिनचा, बाह्या दोनदा दुमडलेल्या. तिला याचं कधी वाईट वाटलं नाही. मोंटानाच्या त्या उंच भागात वस्तू माणसाहून जास्त टिकते आणि माणूस गेलं की पुढच्याच्या घरी जाते, हे ती लहानपणापासून बघत आली होती.

एकवीस वर्षं ती आणि ऑरिन पेनी क्रीकच्या वरच्या कुरणात गुरं राखत होते. गुरं त्यांची नव्हती. खालच्या नऊ रँचवाल्यांची होती. जूनमध्ये बर्फ वितळलं की गुरं वर न्यायची, आणि पुन्हा बर्फ बसायच्या आत शेवटचं वासरू खाली आणायचं. काम दोघांचंच, पण एकमेकांजवळ राहून करायचं नव्हे. लिओटा घोडीवरून वरच्या झाडीतून गुरं हाकायची, ऑरिन खाली कुंपणाचं फाटक उघडून धरायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गुडघ्यावर घोडा पडला होता. तेव्हापासून फाटक त्याचं आणि डोंगर तिचा, अशी वाटणी झाली होती.

बंदूक मात्र दोघांत एकच, ऑरिनच्या वडिलांची. चापाखालचा लोखंडी लिव्हर खाली ढकलून वर ओढला की नळीत काडतूस चढायचं, तसली जुनी रायफल. सत्त्याऐंशी सालच्या सप्टेंबरात सामानाचा घोडा घसरून तिच्यावर लोळला आणि तिची नळी वाकली. ऑक्टोबरात डोंगराच्या पलीकडल्या अंगाला एका शिकाऱ्याला ग्रिझली अस्वलाने फाडलं. माणूस वाचला, डोळा गेला. आणि वर कुरणात अजून चौदा गुरं चुकलेली होती.

म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी दोघं टॉलिव्हर गावात वेल्डन प्रुइटच्या दुकानात उभी राहिली.

वेल्डन शाळेत लिओटाच्या मागे दोन इयत्ता होता. खिळ्यांपासून खोगिरापर्यंत सगळं विकायचा. त्याने काउंटरवर दोन रायफली ठेवल्या. दोन्ही लिव्हरच्या, दोन्ही एकाच मापाच्या काडतुसाच्या.

"ही हातात घे," वेल्डन म्हणाला. "नुसती घे. घेतलीच पाहिजेस असं नाही."

"तुझं नुसतं मला माहीत आहे," लिओटा म्हणाली. "नुसता बघायला आणलेला तुझा कंदील सहा वर्षं घरात आहे माझ्या."

पण तिने ती घेतली. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, त्यातल्या रेषा ओढ्याच्या तळाशी वाळूवर उठतात तशा. नळी निळसर काळी. तिने लिव्हर खाली ढकलला आणि वर ओढला. पाण्यातून हात फिरावा तसा तो फिरला. शेवटी फक्त एक बारीक खट्ट, दार नीट लागल्याचं सांगणारं.

मग तिने दुसरी उचलली. फिकट लाकूड, वरून तपकिरी रंग. लिव्हरच्या कडा बोटाला लागत होत्या, आणि ओढताना आत कुठेतरी वाळू दाताखाली यावी तसं कचकचत होतं.

"हिच्या एकीच्या किमतीत या दोन येतात," ऑरिन म्हणाला. तो काउंटरला टेकून पायाचा भार उतरवत होता. "एक तुला, एक मला. आपल्या दोघांत अर्धा मैल असतो, बाई."

"दोन अर्ध्या बंदुका घेऊन काय करू?"

"अर्ध्या नाहीत गं," वेल्डन म्हणाला. "गोळी दोन्हीतून तेवढीच जाते. ही पहिल्या दिवसापासून मऊ चालेल. त्या तुला हजार वेळा ओढून मऊ कराव्या लागतील. फरक तेवढाच."

"आणि आत काही तुटलं तर?"

"तर माझ्याकडे आण. पण वरती तुटलं तर मी तिथे नसणार, हे खरं."

लिओटाने आपला उजवा अंगठा चोळला. थंडीत तो सुजायचा, कधी कधी कोटाचं बटणही लागू द्यायचा नाही. कचकचणारा लिव्हर त्या हाताने किती वेळा ओढवेल, हा तिचा प्रश्न खरा होता. पण तेवढाच नव्हता. तिने पुन्हा पहिली रायफल उचलली आणि लिव्हर एकदा फिरवला, मग अजून एकदा. त्याची काहीच गरज नव्हती.

ऑरिन तिच्याकडे बघत राहिला. चौतीस वर्षांच्या संसारात तिने दुकानातली एखादी वस्तू इतका वेळ हातात धरलेली त्याने पाहिली नव्हती.

"घे ती," तो म्हणाला.

"आणि तू?"

"मी फाटकापाशी. फाटक मला चावत नाही."

वेल्डनने स्वस्तातली रायफल उचलून रॅकवर परत लावली.

बुधवारी दुपारी दोघं वरच्या वाटेने कुरणातल्या केबिनपाशी पोचली. दिवसभर बारीक बर्फ पडत होतं. लिओटाच्या खोगिराला चामड्याचं म्यान बांधलेलं होतं, रायफल त्यात. तिच्या पोटात काडतुसं भरलेली, पण नळी रिकामी. घोड्यावर बसणारी माणसं तशीच नेतात. घोडं अडखळलं तर आपल्याच पायात गोळी नको. वेळ आली की लिव्हर ओढायचा, मगच काडतूस नळीत जातं.

वाटेत दर थोड्या वेळाने ती हात मागे नेऊन दस्त्यावरचं बर्फ झटकायची.

"लहान मूल आहे का ते?" मागून ऑरिन म्हणाला.

"लहान मुलाला एवढं जपलं नसतं."

केबिनच्या दाराबाहेर छपराखाली भिंतीत दोन लाकडी खुंट्या होत्या. हिवाळ्यात त्या बाजूची माणसं बंदूक घरात आणत नाहीत. दिवसभर गारठलेलं लोखंड उबेत आलं की त्याला घाम फुटतो. वरचा पुसता येतो, आतला राहतो. सकाळी थंडीत नेली की त्या घामाचं बर्फ होतं. लिओटाला हे चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. जुनी रायफल तिने शेकडो रात्री त्या खुंटीवर ठेवली होती आणि एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने नवी रायफल खुंटीवर ठेवली आणि दार लावून आत आली. ऑरिनने स्टोव्ह पेटवला. कॉफी उकळली, ओले मोजे तारेवर वाफाळायला लागले. छपरावरून घरंगळलेलं बर्फ बाहेर धप्पकन पडलं. लिओटा उठली, बाहेर गेली आणि रायफल आत घेऊन आली. अक्रोडाच्या लाकडावर बर्फाचा थर बसला होता. तिने फ्लॅनेलच्या फडक्याने ती पुसली, सावकाश, रेषेरेषेने, आणि स्टोव्हजवळच्या भिंतीला उभी करून ठेवली.

ऑरिन सूप ढवळत होता. त्याने वर पाहिलं आणि पुन्हा पातेल्यात पाहिलं.

सकाळी आभाळ लख्ख मोकळं होतं आणि थंडी शून्याच्या खाली पंचवीस. नाकातला श्वास आतल्या आत गोठत होता. लिओटाने रायफल म्यानात सरकवली. ती कोरडी दिसत होती, चकचकीत, जणू दुकानातून नुकतीच निघालेली. दोघं ओढ्यापाशी वेगळी झाली. ती वर झाडीकडे वळली, तो खालच्या फाटकाकडे. बर्फ पडायला लागल्यापासून तिकडे अजून कुणी गेलं नव्हतं.

चौदापैकी तेरा गुरं तिला दोन तासांत सापडली. चौदाव्या गाईचा माग कुठेच नव्हता. बर्फाने सगळं झाकलं होतं. ती फार शोधत बसली नाही, कारण दुखऱ्या गुडघ्याने फाटकाशी ताटकळणारा ऑरिन तिला डोळ्यांपुढे दिसत होता. तिने गुरं एका रांगेत उताराला लावली.

फाटक दिसायच्या वळणावर सगळ्यात पुढची गाय थांबली. तिने मान वर केली. मागची थांबली, मग सगळीच. त्यांच्या श्वासांची वाफ एका जागी गोळा होत राहिली. लिओटाच्या घोडीने कान पुढे केले आणि पाय जमिनीत रोवले.

लिओटा गुरांना वळसा घालून पुढे आली, आणि चौदावी गाय तिला दिसली. म्हणजे गाय दिसली नाही. ओढ्याकाठच्या विलोच्या झुडपांत माती, फांद्या आणि बर्फ खरवडून केलेला एक ढीग दिसला आणि त्यातून बाहेर आलेला एक खूर. ढिगावर ग्रिझली उभं होतं. पाठीवरचं वशिंड उन्हात सोनेरी दिसत होतं. त्याच्यापासून तीस पावलांवर फाटकाच्या खांबाला हात लावून ऑरिन उभा होता. त्याचा घोडा नव्हता. लगामाचा तुटलेला तुकडा खांबाला लोंबत होता.

ऑरिन पळाला नाही. त्या गुडघ्याने पळणं जमलं असतं तरी पळाला नसता. तो बोलत होता. हलक्या, एकसारख्या आवाजात, बाजारात ओळखीचा भेटल्यासारखा. ती थंडी इतकी स्थिर होती की ऐंशी पावलांवर लिओटाला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"तुझीच आहे गाय," तो अस्वलाला सांगत होता. "मला नको. मी सकाळीच पोटभर खाल्लंय. तू जेव."

लिओटा खाली उतरली. घोडीवरून नेम धरता येणार नव्हता. तिने रायफल म्यानातून ओढली, हातमोजा दातांनी काढला आणि लिव्हर खाली ढकलला.

तो हलला नाही.

तिने पुन्हा ढकलला, दोन्ही हातांनी. लिव्हर एका लोखंडाच्या तुकड्यासारखा दुसऱ्या लोखंडात घट्ट बसला होता. तेव्हा तिला स्टोव्ह आठवला, तारेवरचे मोजे आठवले, कॉफीची वाफ आठवली.

ओरडायचं तर अस्वल कुठे वळेल सांगता येत नव्हतं, आणि जवळ ऑरिन होता. दगडाने ठोकायचं तर आवाज. घोडी घेऊन अंगावर जायचं तर घोडी एक पाऊल पुढे टाकायला तयार नव्हती. लिओटाने कोट उघडला, स्वेटर वर केला, खालचा सदरा वर केला आणि रायफलीचा लिव्हरचा भाग डाव्या काखेत उघड्या कातडीला दाबून धरला.

थंड लोखंड आधी भाजल्यासारखं लागलं. मग कातडी त्याला चिकटली. तिने ओठ मिटून घेतले आणि हात अजून आवळला.

"माझी बायको येतेय," ऑरिन म्हणत होता. त्याने डोकं वळवलं नव्हतं, पण वळणावर थांबलेली गुरं त्याला दिसली असणार. "आली असेल. तिला तयार व्हायला वेळ लागतो. आमच्या लग्नातसुद्धा पाद्री दोनदा घड्याळ बघून आला होता."

अस्वलाने डोकं खाली घातलं आणि जबडा आपटला. दोन फळ्या एकमेकींवर आपटाव्यात तसा आवाज. ते ढिगावरून उतरून दोन पावलं पुढे आलं.

"सावकाश," ऑरिन म्हणाला. आवाज तोच, फक्त थोडा कोरडा. "घाई कुणालाच नाहीये. तिलाही नाही. तिने नीट आवरून यावं."

लिओटाने अंगठ्याने लिव्हर दाबून पाहिला. केसभर हलला. तिला माहीत होतं, आता घाई केली आणि लिव्हर अर्ध्यातच वर आला तर काडतूस आत तिरकं अडकेल, आणि मग दुपारपर्यंत उबवलं तरी सुटणार नाही. या बंदुकीला पूर्ण ओढ लागते, पार खाली आणि पार वर, नाहीतर काहीच नाही. ती थांबली. काखेतून काहीतरी ओलं, गरम, बरगडीवरून खाली ओघळत होतं. ते वितळलेलं पाणी आहे की रक्त, हे तिने बघितलं नाही. ती ऑरिनची टोपी बघत राहिली.

टोपी हळूहळू मागे सरकत होती. ऑरिन कुंपणाला धरून एक पाय मागे घेत होता, मग दुसरा ओढत होता. दुखरा गुडघा वाकत नव्हता म्हणून बर्फात त्या पायाची एक लांब चरी उमटत होती. अस्वल त्या चरीकडे बघत होतं. मग ते बसक्या अंगाने पुढे आलं. आता वीस पावलं राहिली होती.

"लिओटा," ऑरिन म्हणाला. या वेळी तो अस्वलाशी बोलला नव्हता.

तिने रायफल काखेतून ओढली. कातडी तिच्याबरोबर निघाली. तिने लिव्हर सुजल्या अंगठ्याच्या सगळ्या बळाने पार खाली ढकलला. आत बर्फ मोडल्याची बारीक करकर झाली. मग पार वर ओढला. खट्ट. तिने दस्ता खांद्याला लावला, नळी अस्वलाच्या वशिंडाच्या वर हातभर धरली आणि चाप ओढला.

आवाज दोन्ही कड्यांवर आपटून परत आला. विलोवरचं बर्फ एकदम खाली आलं. अस्वल जागच्या जागी वळलं, एवढं अवजड जनावर इतक्या चपळाईने वळतं हे बघणाऱ्यालाही खोटं वाटावं, आणि ओढा ओलांडून झाडीत शिरलं. तोवर लिओटाने दुसरं काडतूस चढवलं होतं. नळी झाडीकडे धरून ती उभी राहिली. फांद्या मोडल्याचे आवाज दूर गेले, मग थांबले. गुरं मागे पांगली होती.

ऑरिन फाटकाच्या खालच्या दांडीवर बसला होता. ती त्याच्याजवळ पोचली तेव्हा तो दोन्ही हातांनी गुडघा चोळत होता.

"वर मारलीस," तो म्हणाला.

"हो."

"बरं केलंस. ग्रिझली मेलं असतं तर सरकारी साहेबांचे कागद भरत बसावे लागले असते." त्याने वर पाहिलं. "उशीर केलास मात्र."

"लिव्हर गोठला होता. काल स्टोव्हपाशी ठेवली होती मी."

"मी पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू फडक्याने पुसत होतीस," तो म्हणाला. "मला वाटलं, एक रात्र पुसू द्यावं."

मग त्याचं लक्ष तिच्या उघड्या कोटाकडे गेलं. सदरा बरगडीपाशी लाल झाला होता. तो उठला. गळ्यातला रुमाल काढून त्याने तिच्या काखेत घडी करून दाबला आणि कोटाची बटणं एकेक करून लावली. तिला ती लावता आली नसती. तिचा अंगठा पार सुजला होता.

तेरा गुरं फाटकातून काढायला त्यांना दुपार झाली. लिओटा रायफल हातातच धरून होती.

पुढच्या सोमवारी ती वेल्डनच्या दुकानात गेली, ऑरिनला घेऊन. तिने रायफल काउंटरवर ठेवली. काखेत दाबलेल्या जागी निळसर काळ्या लोखंडावर एक फिकट डाग होता. पुष्कळ तेल लावूनही तो गेला नव्हता.

"काय दोष निघाला?" वेल्डनने विचारलं.

"दोष नाही. इतकी चांगली बंदूक माझ्या हातात कधी आली नव्हती."

"मग?"

"मग परत घे. जुन्या मालाच्या भावाने घे, मी भांडणार नाही. मला त्या दोन दे. स्टोव्हपाशी न्यावीशी वाटणार नाही अशी पाहिजे मला."

वेल्डनने ऑरिनकडे पाहिलं. ऑरिनने खांदे उडवले. "माझ्याकडे काय बघतोस? मी पहिल्या दिवशीच म्हणत होतो दोन. पण आमच्याकडे माझं ऐकायची पद्धत नाही."

रॅकवर स्वस्तातल्या चार होत्या. लिओटाने चारही खाली घेतल्या. प्रत्येकीचा लिव्हर वीस-वीस वेळा खाली-वर केला, पूर्ण, धसमुसळेपणाने, हात दुखेपर्यंत. एकीचा लिव्हर अकराव्या वेळी अर्ध्यात अडला. ती तिने बाजूला सारली. दुसरीचा एक स्क्रू ढिला होता, तो वेल्डनकडून तिथल्या तिथे आवळून घेतला आणि तिचा लिव्हर पुन्हा वीस वेळा ओढला. कचकच सगळ्यांत होतीच. शेवटी तिने दोन निवडल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या. सारख्याच, जुळ्या बहिणींसारख्या कुरूप.

"घरी गेल्यावर कुठली कुणाची, यावरून भांडाल," वेल्डन म्हणाला.

लिओटाने शेजारच्या खोक्यातून एक खिळा उचलला, आपल्या रायफलीचा दस्ता दाबून धरला आणि तपकिरी रंगावर स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर कोरायला लागली. खाली फिकट लाकूड दिसू लागलं.

"अगं, बिल तरी होऊ दे," वेल्डन म्हणाला. त्याने तोंड वाकडं करून नजर दुसरीकडे वळवली.

तिने अक्षर पूर्ण केलं, भुसा फुंकला आणि ऑरिनपुढे हात केला. ऑरिनने आपली रायफल तिच्या हातात दिली.